फ्री साइज सॉरी

३ फेब्रुवारी, सोमवार
या मापवहीची मागची पानं कोरी आहेत, म्हणून लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही. मनात काही साठलंय वगैरे मुळीच नाही.

टाचणी आज कामावर आली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण अंगाने टाचणी आणि ओठात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे मी ठेवलेलं नावच गल्लीत चाललं. माझ्या पुढच्या खोलीत आमचं शिवणकाम चालतं. माप मी घेते, वहीत ती लिहिते. कापते मी, शिवते ती. बोलते मी.

झालं एवढंच, की बँडवाल्यांचे बावीस कोट एकेक इंच कमी झाले. बाहीत इंच कमी, छातीत कमी, उंचीत कमी. शनिवारी त्यांच्या तालमीच्या हॉलमध्ये घालून बघितले. ट्रम्पेटवाल्याने छाती भरून श्वास घेतला आणि वरचं बटण सुटून बँडमास्तरच्या चष्म्यावर बसलं. मोठ्या ड्रमवाल्याने हात उचलले तर बाह्या पार वर. धुणं धुवायला बसल्यासारखा दिसत होता.

चूक टाचणीची. आमच्या टेपचा पहिला इंच कधीचाच तुटून गेलाय. बाकी टेप उत्तम आहे, एका इंचासाठी अख्खी टेप कोण टाकतं? म्हणून आमची पद्धत ठरलेली. टेपवर दिसेल तो आकडा मी ओरडायचा, तिने त्यातून एक वजा करून लिहायचा. मी पंचवीस म्हटलं की तिने चोवीस. लहान पोर करेल. या खेपेला तिने बहुतेक दोनदा वजा केला. मी तिथल्या तिथे तिला दोन शब्द बोलले. तिने बोटातलं अंगुस्तान काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि गेली.

येईल उद्या. जाते कुठे.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ
नाही आली. सर्दी असेल.

दुपार
सर्दी नाही. पाववाल्याने तिला सकाळी बाजारात बघितलं. तब्येत छान होती म्हणे. विचारलं नव्हतं त्याला.

बँडमास्तर बावीसच्या बावीस कोट टेबलावर टाकून गेला. तेवीस तारखेला कार्यक्रम आहे, वीसच्या आत दुरुस्त करून द्या म्हणाला. मला आजी म्हणाला. त्याच्या मिश्या माझ्या केसांहून पांढऱ्या.

ठरवलं. एकटीने करायचं. शिवणं म्हणजे काय, मशीनच चालवायची. एकतीस वर्षं समोर बसून बघते आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
दोन कोट उसवले. उसवणं झकास झालं. शिवताना डावी बाही उजवीकडे बसली. उजवी कुठे बसली ते मशीनला माहीत. दोरा चार वेळा तुटला. दोरे हल्ली चांगले येत नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार
नातीने विचारलं, टाचणीआजी का येत नाही. म्हटलं रुसलीये. म्हणाली, मग सॉरी म्हण ना, संपलं.

तिला सांगितलं, आमच्यात असलं काही म्हणत नाहीत. नवरा चिडला की त्या दिवशी जेवण जरा बरं करायचं, शेजारीण चिडली की तिचे वाळत घातलेले कपडे पावसात आपणहून काढून ठेवायचे. तोंडाने कोण बोलत बसतं? नात म्हणाली, आजी, सॉरीला काही लागत नाही गं, मी वर्गात रोज तीस वेळा म्हणते. हे सांगताना ती माझ्या पायावर उभी होती. ओरडले. सॉरी म्हणाली. पाय काढला नाही.

तरी डोक्यात आलं, बघू तर काय प्रकार आहे. कापड घेताना आपण चुरगाळून बघतो, तसा शब्द तपासून घ्यायचा. मग वापरायचं की नाही ते ठरवायचं. गरज आहे म्हणून नव्हे. माहिती म्हणून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आज दिवसभर तपासलं.

बसस्टॉपवर एक माणूस आधी सॉरी म्हणाला आणि मग ढकलून पुढे गेला. म्हणजे हे ढकलायचं तिकीट.

दवाखान्यात गुडघा दाखवायला गेले. नर्स म्हणाली, सॉरी, डॉक्टर जेवायला गेलेत. शेजारच्या बाकावरच्या माणसाला तीच नर्स म्हणाली, सॉरी, तुमचे वडील गेले. तोच आवाज, तोच शब्द. एक जण जेवायला गेला, एक जण कायमचा गेला, दोघांना एकच माप.

वाण्याच्या दुकानात तेल मागितलं, सॉरी. साखर मागितली, सॉरी. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, दुकान उघडं ठेवल्याबद्दल पण म्हणून टाक.

निष्कर्ष: हा शब्द फ्री साइज आहे. कोणालाही होतो, कोणालाही नीट बसत नाही. असला माल मी दुकानात ठेवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
सुनेला विचारलं. ती जाणकार आहे. वॉशिंग मशीन बिघडलेल्या लोकांचे फोन घ्यायची तिची नोकरी. दिवसाला दीडशे सॉरी, वर बोनस. घरी येते तेव्हा एकही उरलेलं नसतं, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

ती म्हणाली, आई, ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. चुकीबद्दल सॉरी म्हणायचं नाही. गैरसोयीबद्दल म्हणायचं. चूक म्हटलं की कंपनी अडकते. गैरसोय म्हटलं की समोरचा शांत होतो आणि आपण सुटतो.

चाळीस वर्षांत या घरात कोणी इतकं शहाणपणाचं बोललं नव्हतं. सून हुशार आहे हे मी पहिल्यापासून म्हणत होते. मनात.

आता प्रश्नच मिटला. उद्या सराव, परवा टाचणी, बुधवारपर्यंत बावीस कोट.

९ फेब्रुवारी, रविवार
आरशासमोर सराव केला. मान जरा तिरकी, भुवया वर, आवाज बारीक. नातीने बघितलं आणि आईला बोलावून आणलं. सुनेने दाढदुखीची गोळी दिली. घेतली. वाया कशाला घालवा.

१० फेब्रुवारी, सोमवार
टाचणी दोऱ्याच्या दुकानात भेटली. मी म्हटलं, तुझी जी काही गैरसोय झाली असेल त्याबद्दल सॉरी हं. अगदी सुनेच्या आवाजात. ती दोऱ्यांचे रंग बघत राहिली. मला वाटलं, पोचलं नाही. म्हणून पुढे म्हटलं, पण तूही जरा लक्ष द्यायला हवं होतंस.

सोनेरी दोऱ्याची रिळं घेऊन ती गेली. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. त्याच्याकडचा माल तसाही कच्चा असतो.

घरी येऊन विचार केला. सगळं बरोबर झालं होतं, फक्त शेवटी पण आला. सुनेलाही सांगितलं. ती म्हणाली, आई, सॉरीनंतर पण आला की सॉरी धुतलं जातं. हे शनिवारी सांगायला काय झालं होतं? अर्धवट ट्रेनिंग देतात लोक.

११ फेब्रुवारी, मंगळवार
समोरासमोर बोलणं जुनं झालं. फोनवर मेसेज करतात. नातीने माझ्या वतीने टाचणीला सॉरी पाठवलं. सोबत रडणाऱ्या मांजरीचं चित्र. मी मांजरीला नाही म्हणत होते, नात म्हणाली मांजरीशिवाय कोणी सिरियसली घेत नाही.

तासाभराने उत्तर आलं. एक अंगठा.

नातीला विचारलं, याचा अर्थ काय. म्हणाली, याचा अर्थ बघितलं. म्हटलं, येते म्हणून का? नाही आजी, फक्त बघितलं.

एकतीस वर्षं जिच्यासोबत एका डब्यातून जेवले, तिने मला अंगठा दाखवला. राग मला यायला हवा. आलाही. पण कोट बावीसच आहेत आणि त्यातल्या पाचांना आता चार बाह्या कमी आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार
गुडघा दुखतोय. काम बंद. नुसतं बसलं की नको ते आठवतं.

मापं घेतली त्या दिवशी बँडमास्तर शेजारी उभा होता. शिकलेला माणूस, चष्मा, खिशाला दोन पेनं. त्याने टेपकडे बघितलं आणि म्हणाला, पहिला इंच तुटलेला दिसतोय, मापं नीट येतील ना आजी? आता बावीस पुरुषांसमोर असं विचारल्यावर माणूस काय करेल? मी म्हटलं, मला मनात हिशेब येतो. आणि मनातच एक वजा करून आकडे सांगायला लागले. टाचणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खाली मान घालून लिहीत होती. तिने नेहमीसारखा एक वजा केला.

म्हणजे दोनदा वजा झाला हे माझं म्हणणं पहिल्यापासून खरं होतं. मी कुठे खोटं बोलले? फक्त पहिल्यांदा कोणी केला तेवढं राहून गेलं. तिला सांगायला हवं होतं, की आज मी वजा करते आहे. पण तिनेही आवाजावरून ओळखायला हवं होतं. मी त्या दिवशी जरा ऐटीत बोलत होते.

हे पान फाडायचं आहे. पण मागच्या बाजूला डॉक्टरच्या बायकोच्या ब्लाउजचं माप आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
गेले. तिच्या दारात. दार तिने उघडलं, आत ये म्हणाली नाही.

मी म्हटलं, सॉरी. मान सरळ, आवाज माझा, गैरसोय नाही, पण नाही, मांजर नाही.

ती म्हणाली, कशाबद्दल?

मी इतकं तपासलं, हे कोणीच सांगितलं नव्हतं. बसस्टॉपवर कोणी विचारत नाही. सुनेला दीडशेतला एकही विचारत नाही. नातीच्या बाई विचारत नाहीत. सॉरी म्हटलं की समोरच्याने जाऊ दे म्हणायचं, अशीच वहिवाट आहे. हिने विचारलं.

म्हटलं, झालं गेलं त्याबद्दल. म्हणाली, काय झालं? मी तिचं पायपुसणं बघत राहिले. कडा छान दुमडल्या होत्या. म्हटलं, तो इंच. म्हणाली, इंचाचं राहू दे, चूक कापडात होते तशी सुधारते. तू हॉलमध्ये काय म्हणालीस?

म्हटलं, आठवत नाही.

मग तिने आठवण करून दिली. हिला अंकगणित येत नाही, दयेपोटी ठेवलीये कामाला, काय करणार. शब्दनशब्द, माझ्याच सुरात, हातवाऱ्यांसकट. ती एवढं लांब वाक्य बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, बरं बाई, मग त्याबद्दल सॉरी.

म्हणाली, मला कशाला सांगतेस? मला माहीतच होतं वजा कोणी केला. ज्यांना सांगितलंस त्यांना सांग.

दार लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, मला चार दिवस बोलता आलं असतं. हळू लावलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
जाणार नाही. बावीस पुरुष आणि एक ड्रम. या वयात. कारणच नाही.

संध्याकाळ
नवीन कारागीर शोधते. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. पावणेदोनशे कपडे आधीचे पडलेत, मार्चनंतर या म्हणाला. आधी सॉरी म्हणाला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
हॉलमध्ये गेले. सहज. त्या बाजूला काम होतं.

तालीम चालू होती. बँडमास्तरच्या कानाशी जाऊन म्हटलं, चूक माझी होती. त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, भूक? कसली भूक? मी जीव खाऊन ओरडले आणि त्याच क्षणी त्याने हात वर करून बँड थांबवला. म्हणून अख्ख्या हॉलने ऐकलं, की वजा मीच आधी केला होता, ती नेहमीच बरोबर लिहिते आणि दयाबिया काही नाही, ती नसेल तर मला बाही कुठे लावायची ते कळत नाही.

शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं. उताराला लागल्यासारखं झालं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी त्यांचे एकेकाचे पाय कसे वाकडे आहेत ते सांगणार होते, मापं माझ्याकडे आहेत. ट्रम्पेटवाल्याने खुर्ची दिली. बँडमास्तर म्हणाला, म्हणजे नियमाने काम करणाऱ्या त्या दुसऱ्या बाई? म्हटलं, हो. म्हणाला, त्यांचा पत्ता द्या.

दिला. तिची माफी मागायला जाणार असेल. शिकलेली माणसं करतात असं. एकूण काम फत्ते. सोमवारी टाचणी येणार. तिची खुर्ची पुसून ठेवली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी दारात चाहूल लागली, मी चहा टाकला. ड्रमवाला आणि आणखी दोघं होते. बावीस कोट, सुट्या बाह्या, उरलेलं कापड, सगळं गोळा करून हातगाडीवर टाकलं. कुठे नेताय विचारलं. म्हणाले, त्या बाईंच्या घरी, त्यांच्याकडे मशीन आहे. चहा पिऊन गेले. चांगला झालाय म्हणाले.

हे तात्पुरतं असणार. तिच्याकडे जागा कुठे आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार
जागा आहे. तिच्याकडे राहणाऱ्या भावाची खाट बाहेर काढली म्हणे.

जेवण वाढताना सून म्हणाली, सॉरी आई. मी म्हटलं, कशाबद्दल? ती वाटी हातात घेऊन उभी राहिली. बघितलं, कसं वाटतं ते.

२३ फेब्रुवारी, रविवार
कार्यक्रमाला गेले. मागे उभी राहिले, म्हणजे शिवणीतले दोष नीट दिसतात.

प्रत्येक बाहीला तिने सोनेरी कफ लावलेत. खाली घेराला तशीच सोनेरी पट्टी. बगलेत कापड सोडून छाती सैल केली आहे. आखूड झाले होते हे ज्यांना माहीत आहे त्यांनाही कळणार नाही. ट्रम्पेटवाल्याने फुगून घेतलं, बटण जागच्या जागी. बावीस जणांनी एकदम हात उचलले तेव्हा चव्वेचाळीस कफ चमकले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँड वाजायला अजून सुरुवातही झाली नव्हती.

तीन वेळा बघितलं. दोष सापडला नाही. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
दुकान उघडलं. दुपारी बंद केलं. एक बाई आली होती, टाचणीचा पत्ता विचारायला.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. अंगुस्तान माझ्याकडे राहिलं होतं, दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणारी मी नाही. आत तीस कोटांचं कापड पसरलेलं, दुसऱ्या एका बँडचं. ती गुडघ्यावर बसून खडूने आखत होती. कापतेही चांगली. हे तिने एकतीस वर्षं लपवलं.

मी अंगुस्तान कापडाच्या कडेला ठेवलं. वर न बघता म्हणाली, बटणांची काजं करशील?

म्हटलं, बघते, वेळ आहे का.

२६ फेब्रुवारी, बुधवार
घरी सांगितलं, आम्ही दुसरी शाखा उघडली आहे. सून म्हणाली, छान. नात म्हणाली, मग पहिली शाखा कुठे आहे? या मुलीला फार प्रश्न पडतात.

बसायला स्टूल आहे. पाठ टेकायला भिंत नाही. दिवसात एकोणचाळीस काजं केली. चार पुन्हा करायला लावली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आज तिसऱ्याच एका बँडचा मास्तर मापं द्यायला माणसं घेऊन आला. माप ती घेते, लिहिते मी. आकडे सांगते तेवढेच लिहायचे, मनाने काही करायचं नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाली. मी लिहिलं.

त्या मास्तरने माझ्याकडे बघून तिला विचारलं, या कोण?

माझं पेन थांबलं. आता म्हणणार, दयेपोटी ठेवलीये. म्हणू शकत होती. खोली भरून माणसं होती. मी असते तर म्हटलंच असतं, इतकी चांगली संधी सोडवली नसती.

ती म्हणाली, काजं करते. हात चांगला आहे तिचा.

आणि पुढचं माप घेतलं.

एकतीस वर्षांत मी तिला एवढंही म्हटलं नव्हतं, हे घरी येताना रस्त्यात लक्षात आलं. विसरायचं ठरवलं. सिग्नलपर्यंत जमलं.

उद्या पावणेनऊला बोलावलंय. आज नऊला गेले तर घड्याळाकडे बघत होती. मी सॉरी म्हटलं. बस उशिरा आली त्याबद्दल, असं लगेच सांगूनही टाकलं, तिने विचारायच्या आत.

बस वेळेवर आली होती.